पांढरा रंग दिला, तरी खोली अंधारीच

प्रश्न : डोंबिवलीत आमचं वन रूम किचन आहे, सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. बाहेरची खोली १० बाय १२ फूट, उंची साडेनऊ फूट. तिला एकच खिडकी, ४ बाय ४ ची, आणि समोर दहा-बारा फुटांवर शेजारच्या बिल्डिंगची भिंत. मागच्या दिवाळीला खोलीला पांढरा रंग दिला. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. भर दुपारी ट्यूब लावावी लागते. स्वयंपाकघर १० बाय ७, त्याची खिडकी रस्त्याकडे, तिथे उजेड भरपूर. एका इंटिरियरवाल्यांनी सुचवलंय की फॉल्स सीलिंग करा, त्यात सहा डाउनलाइट, एक भिंत गडद मरून आणि खिडकीसमोर मोठा आरसा. ह्यांचं म्हणणं, मधली भिंतच पाडू. सासूबाईंना पलंगासमोर आरसा नको. खिडकीच्या भिंतीला पावसाळ्यात ओलही येते. काय करावं?
— एक वाचक, डोंबिवली

ताई, इंटिरियरवाल्यांना आगाऊ पैसे दिले नसतील तर अजून देऊ नका. त्यांच्या यादीतल्या चारपैकी तीन गोष्टी तुमची खोली आणखी लहान करतील आणि चौथी, म्हणजे आरसा, चुकीच्या जागी लागेल.

आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. रंग दिल्यावर ‘महिनाभर बरं वाटलं’ असं तुम्ही लिहिलंय. रंग महिन्याभरात काळवंडत नाही. रंगकामासाठी खिडकीतलं सामान हललं असणार, पडदे उतरले असणार, काचा आणि ट्यूब पुसल्या गेल्या असणार. मग एकेक वस्तू जागेवर परतली. म्हणजे पांढऱ्या रंगापेक्षा मोकळ्या खिडकीनं जास्त काम केलं होतं. रंग उजेड तयार करत नाही, आलेला उजेड फक्त परत फेकतो. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत देतो आणि गडद मरून जेमतेम दहा टक्के. पण मुळात खोलीत येतच कमी असेल तर पांढरी भिंत राखाडी दिसते, आणि तुमच्याकडे तेच झालंय.

तेव्हा सुरुवात खिडकीपासून. एका स्वच्छ दिवशी दुपारी दिवे बंद करा, स्टुलावर बसा आणि खिडकीतून बाहेर बघा. आभाळाचा तुकडा दिसतोय का? स्टूल थोडं थोडं मागे सरकवत जा. जिथे आभाळ दिसेनासं होईल तिथे जमिनीवर खडूची रेघ ओढा. त्या रेघेच्या खिडकीकडच्या भागातच खरा दिवसाचा उजेड पोचतो; पलीकडे पोचतो तो समोरच्या भिंतीवरून आपटून आलेला. तिसऱ्या मजल्यावर, बारा फुटांवर भिंत असताना ही रेघ खिडकीपासून तीन-चार फुटांतच आली तर आश्चर्य वाटायला नको. मुलीचं अभ्यासाचं टेबल या रेघेच्या आत आणा. तिथे आज काय आहे ते पत्रात नाही, पण अशा घरांत तिथे बहुधा कपाट असतं.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसेल. आभाळ दिसतं ते खिडकीच्या वरच्या फूटभर भागातून. समोर इमारत असलेल्या घरात खिडकीचा वरचा भाग सगळ्यात मोलाचा, आणि आपण नेमका तोच झाकतो. पडद्याची झालर, पेल्मेट म्हणजे दांडा झाकणारी लाकडी पट्टी, वरच्या गजांवर वाळत घातलेले कपडे, छज्जाखाली बांधलेली ताडपत्री, सगळं तिथेच. हे आधी काढा. पेल्मेट असेल तर सुताराकडून उतरवूनच टाका.

बाहेरच्या ग्रिलच्या पिंजऱ्यात काय काय आहे? कुंड्या, पाण्याचा ड्रम, लहानपणीची सायकल, गणपतीचं मखर? कुंड्या ठेवायच्या तर खालच्या पट्टीवर, नऊ इंचांहून उंच न वाढणाऱ्या. बाकीचं माळ्यावर किंवा भंगारवाल्याकडे. डासांची जाळी नवी असतानाही बराच उजेड अडवते, आणि धुळीनं भरली की पडदाच होतो; दर पंधरवड्याला काढून साबणाच्या पाण्यात धुवा. सरकत्या खिडकीला तपकिरी किंवा काळी काच असेल, किंवा वर फिल्म चिकटवलेली असेल, तर निम्म्याच्या आसपास उजेड तिथेच थांबतो. काच बदलून ५ मिलिमीटरची साधी पारदर्शक घाला. समोरच्या घरातून दिसण्याची अडचण असेल तर फक्त खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा दुधी फिल्मनं झाका, वरचा भाग मोकळा ठेवा.

राष्ट्रीय इमारत संहितेत दमट-उष्ण हवेच्या भागांसाठी खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या एक षष्ठांश धरलंय. तुमच्या १२० चौरस फुटांना ते २० होतं. खिडकी आहे १६ ची. म्हणजे मुळातच थोडी कमी आहे, तिच्यातला एक इंचही वाया घालवण्यासारखा नाही. आणि हो, समोरच्या सोसायटीला बाहेरून रंग द्यायचं ठरत असेल तर त्यांच्या सेक्रेटरींना भेटून ती भिंत फिक्या रंगाची करायला सांगा. हसू नका. तुमच्या खोलीत येणारा उजेड बराचसा त्या भिंतीवरूनच येतो.

पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच जास्त घ्या, म्हणजे बाजूला सारलेला पडदा काचेवर न राहता भिंतीवर जाईल. दांडा छताच्या खाली चार इंचांवर लावा आणि पडदा जमिनीपर्यंत सोडा. खिडकी उंच वाटते. पण दिवसा पडदा पूर्ण सारायचा, नाहीतर आत्ताच वाचवलेला वरचा भाग पुन्हा झाकला जाईल. कापड पातळ सुती, पांढरट. घरात जुनी फिक्या रंगाची सुती साडी असेल तर साडेपाच मीटरमध्ये तुमच्या खिडकीचे दोन पडदे निघतात, फक्त ते जमिनीच्या थोडे वर राहतील.

आता ती डाउनलाइटची गोष्ट. खोली केवढी आहे हे डोळा जमिनीवरून ठरवत नाही, भिंती आणि कोपरे कुठवर दिसतात त्यावरून ठरवतो. डाउनलाइट खाली जमिनीवर उजेडाची वर्तुळं पाडतात. भिंतींचा वरचा भाग आणि कोपरे अंधारात राहतात, आणि खोली आवळल्यासारखी वाटते. शिवाय पंख्याच्या पात्यांच्या वर एखादा दिवा आला की उजेड सतत लुकलुकतो. फॉल्स सीलिंग चार ते सहा इंच उंची खातं, आणि वरच्या घराची गळती आत मुरत राहते ती डाग बाहेर येईपर्यंत कळत नाही. साडेनऊ फुटांच्या खोलीत त्याचं काही काम नाही.

त्याऐवजी हिशेब असा बघा. २० वॉटची चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन उजेड देते. त्यातला निम्म्याहून कमी आपण बसतो त्या उंचीवर पोचतो, बाकीचा भिंती, छत आणि सामान गिळतात. तुमची खोली ११ चौरस मीटर, म्हणजे एका ट्यूबवर ८०-९० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन). बसाउठायच्या खोलीला १५० ते २०० लक्स हवा आणि पुस्तकावर ३००. म्हणून ट्यूब दोन हव्यात, आणि समोरासमोरच्या लांब भिंतींवर, जमिनीपासून सात-साडेसात फुटांवर. एकाच भिंतीवर दोन लावल्या तर दुसऱ्या बाजूला तुमच्याच सावल्या पडतात. या उंचीवर ट्यूब छतालाही उजळते, आणि उजळलेलं छत सगळ्या खोलीभर मऊ उजेड परत टाकतं. दोन्हींचं बटण वेगळं ठेवा. रात्री टीव्ही बघताना एक पुरते. टीव्हीच्या बरोबर समोर ट्यूब येऊ देऊ नका, पडद्यावर पट्टा दिसतो.

ट्यूब घेताना खोक्यावर रंगाचा आकडा बघा. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा. दुकानदार तोच पुढे करतो, कारण दुकानात तो जास्त झगमगतो. घरात त्यानं भिंती थंड आणि माणसं आजारी दिसतात. ३००० केल्विन पिवळा. तुमच्या खोलीत दिवसाही दिवा लागणार, तेव्हा ४००० घ्या. पिवळ्यापेक्षा तो खिडकीतल्या उजेडाच्या जवळचा. खोलीतले सगळे दिवे एकाच आकड्याचे हवेत. एक निळसर आणि एक पिवळा असला की भिंत डागाळल्यासारखी दिसते आणि दोष रंगाऱ्याला मिळतो. खोक्यावर ‘सीआरआय’, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, लिहिलेला असेल तर तो ८० च्या खाली नको.

मुलीच्या टेबलावर ७ ते ९ वॉटचा वेगळा दिवा द्या. ती उजव्या हातानं लिहीत असेल तर डावीकडून, म्हणजे हाताची सावली वहीवर येणार नाही.

नव्या पॉइंटसाठी भिंत फोडायला नको. वायर झाकणारी प्लास्टिकची केसिंग पट्टी छताच्या कडेनं न्या आणि भिंतीच्या रंगातच रंगवा. मात्र वायरमन आधी, रंगारी नंतर. उलट केलंत तर रंग पुन्हा द्यावा लागेल.

रंगाआधी ओल. पुट्टी ओलीवर टिकत नाही, हे कुठलाही रंगारी जाणतो आणि तरी लावतो. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं, ते रंगाखाली फुलतात आणि पोपडे सुटतात. ओल नक्की कुठली ते तपासायला फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि चोवीस तासांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतंय; बाहेरून भेगा, खिडकीच्या चौकटीची फट किंवा पाइपचा जोड बंद केल्याशिवाय आत काही करू नका. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ती खोलीतलीच वाफ आहे, तिला हवा खेळती ठेवणं हाच उपाय. रंग दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर द्या. सप्टेंबरात घाईनं उरकलेला रंग पुढच्या जुलैत सुटतो.

मापं अशी : भिंतींचा घेर ४४ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे ४१८ चौरस फूट, दारं-खिडकी वजा करून ३६० धरा. चांगलं इमल्शन दोन हातांना लिटरला शंभर-सव्वाशे चौरस फूट जातं, म्हणजे चार लिटरची बादली भिंतींना पुरते, थोडा रंग डागडुजीलाही उरतो. छताला वेगळा दीड लिटर. रंगारी वीस लिटरचा डबा आणायला सांगेल, त्याला हा हिशेब दाखवा. तुमचा आत्ताचा रंग चांगला धरून असेल तर सगळं खरवडायची गरज नाही. उखडलेली जागा खरवडून पुट्टीचे दोन हात, मधे पूर्ण वाळू द्यायचं, १८० आणि मग ३२० नंबरच्या कागदानं घासायचं, धूळ पुसून प्रायमर, आणि मग सगळ्या भिंतीला रंगाचे दोन हात, दोन्हींमध्ये चार तास. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालू द्या. पाणी जास्त झालं की ढग दिसतात आणि तिसरा हात तुमच्या पैशानं लागतो.

शेड शुभ्र पांढरी घेऊ नका. तुमच्याकडे येणारा उजेड समोरच्या भिंतीवरून मळून येतो, त्यात शुभ्र पांढरा राखेसारखा दिसतो. किंचित पिवळसर झाक असलेला पांढरा, साईच्या रंगाच्या जवळचा, बरा दिसेल. कॅटलॉगच्या चौकोनावरून ठरवायचं नाही. दुकानातून छोटा नमुना डबा आणा, खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्यासमोरच्या भिंतीवर दोन बाय दोन फुटांचा तुकडा रंगवा आणि सकाळी, दुपारी आणि नव्या ट्यूबच्या उजेडात बघा. छत मात्र पांढरंच, बिनचमकीचं. भिंतींना हलकी चमक असलेलं, धुता येणारं इमल्शन. फार चकचकीत घेतलंत तर पुट्टीच्या लाटा दिसतील. बीम छताच्याच रंगात रंगवा, आणि माळ्याची दारं, दाराच्या चौकटी, केसिंग पट्टी हे सगळं भिंतीच्या रंगात. रंगाची रेघ जिथे जिथे बदलते तिथे डोळा अडतो. मरून भिंत अर्थातच नको. फारच हौस असेल तर मरून रंगाचे उशांचे अभ्रे शिवा.

सामानात सगळ्यात मोठं काम लोखंडी कपाटाचं. साडेसहा फूट उंच कपाट खिडकीशेजारी असेल तर ते तिरका येणारा सगळा उजेड अडवतं. ते दाराच्या बाजूच्या भिंतीला, कोपऱ्यात न्या, म्हणजे आत येणाऱ्याच्या नजरेसमोरही येत नाही. कपाटाच्या वर छतापर्यंत तीन फूट उरतात. तिथे बोचकी आणि सूटकेस दिसत राहिल्या तर बाकी सगळी मेहनत फुकट. तेवढ्या मापाची प्लायची पेटी भिंतीच्या रंगात करून बसवा, दारासकट, आणि मागच्या भिंतीत पक्की धरून; कपाटावर नुसती ठेवायची नाही. दिवाण चार बाय सहाचा, बारा फुटी भिंतीला लावून, आणि चालायला सलग अडीच फुटांची वाट मोकळी ठेवा. खाली पेटी असलेला दिवाण चालेल. पायांवर उभं असलेलं, खालून जमीन दिसणारं फर्निचर हलकं वाटतं हे खरं, पण चार माणसांच्या एका खोलीत गाद्या आणि पांघरुणं ठेवायची कुठे, हा प्रश्न आधी येतो. टीव्ही भिंतीवर. शोकेस काढून टाका.

आरसा खिडकीसमोर नको, कारण तिथे तो समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि पाइपच तुम्हाला दुसऱ्यांदा दाखवेल. खिडकीला काटकोनात असलेल्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीपासून फूटभर अंतरावर लावा. तिथून तो तिरका उजेड उचलून खोलीच्या मागच्या अंगाला टाकतो. माप चार बाय अडीच फूट, उभा, ५ मिलिमीटर जाडीचा, कडा घासलेल्या. याचं वजन साडेअकरा किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे नुसत्या दुहेरी चिकटपट्टीवर विसंबू नका. खाली आधाराची पट्टी आणि चार कोपऱ्यांना क्लिप हव्यातच. सिलिकॉन वापरायचं तर न्यूट्रल जातीचं मागा. स्वस्त सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्यातलं आम्ल पाठीमागचा मुलामा खातं आणि वर्षभरात काळे डाग उमटतात. ओल येणाऱ्या भिंतीवर आरसा लावायचाच नाही, कडा काळ्या पडतात. सासूबाईंच्या म्हणण्याचा मानही असाच राखता येईल : दिवाण ज्या भिंतीला आहे तिच्याच खिडकीकडच्या टोकाला आरसा लावा, झोपलेल्या माणसाला तो समोर दिसत नाही.

स्वयंपाकघरात फक्त एक गोष्ट तपासा. एक्झॉस्ट फॅन बसवताना खिडकीच्या वरच्या भागात प्लायचा तुकडा ठोकलेला असेल तर तो काढून तिथे ४ मिलिमीटरचं पारदर्शक अ‍ॅक्रिलिक बसवा. फोडणीचा चिकट थर काचेवर आणि ट्यूबवर बसतो. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सोडा घालून पुसलं की पुरे, ट्यूब मात्र बटण बंद करून, पिळलेल्या फडक्यानं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. भिंत पूर्ण पाडू नका, पण त्यांच्या मनात आलेली दिशा बरोबर आहे, कारण तुमच्या घरातला उजेड स्वयंपाकघरातच आहे. पूर्ण भिंत गेली तर फोडणीचा वास आणि तेलकट वाफ गाद्यांत आणि कपड्यांत बसेल, मुलीला अभ्यासाला आडोसा राहणार नाही, आणि वरचा बीम तर तसाच लोंबत राहील. त्याऐवजी त्या भिंतीच्या वरच्या भागात, साडेचार फुटांपासून सात फुटांपर्यंत, पाच फूट रुंदीची पक्की काच बसवा. साडेचार फुटांच्या खाली भिंत राहिल्यानं ओटा आणि भांडी दिसत नाहीत. काच पट्टेदार किंवा दुधी घेतली तरी उजेड बऱ्यापैकी येतो. दाराचंही वरचं पॅनल काचेचं करता येईल.

हे काम गवंड्याच्या भरवशावर करायचं नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा आणि ती भिंत भार घेणारी आहे का, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. कॉलम-बीमच्या इमारतीत चार इंची विटेची मधली भिंत बहुधा नुसता आडोसा असते, पण जुन्या भारवाही बांधकामात ती वरचे मजले पेलत असते, आणि नुसतं ठोकून बघून ते कळत नाही. सोसायटीची परवानगीही लेखी हवी. महापालिकेची लागेल का, ते इंजिनिअर सांगतील. भिंत नुसता आडोसा निघाली तरी पाच फुटांच्या उघड्या भागावर लिंटेल, म्हणजे वरच्या विटा पेलणारा आडवा आधार, लागतो. दाराच्या वरून सलग पट्टी गेली असेल तर तीच चालेल का ते इंजिनिअर बघतील, नसेल तर नवा घालावा लागेल. लिंटेलशिवाय वरच्या विटा सुटतात आणि काचेवर भार येऊन ती तडकते. काच टफन्डच घ्या. ती भट्टीत कडक झाल्यावर कापता येत नाही, म्हणून गवंड्याचं काम, गिलावा आणि चौकट पूर्ण झाल्यावरच माप द्या, आणि चारही बाजूंना ३ मिलिमीटरची सैल जागा सोडायला सांगा.